न झेललेली चूक

खटावकर सरांनी माझा पंप वायरीला धरून वर उचलला. दोन बोटांची चिमूट, हात अंगापासून लांब. रिपोर्टच्या काउंटरपाशी पेशंटांची रांग होती, आमचा सगळा स्टाफ होता, आणि गलका ऐकून डॉ. इनामदार मॅडमही केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सापडला बघा मॅडम, आपला व्हायरस," सर म्हणाले. "शलाकाबाईंचं दूध काढायचं मशीन. सरळ सीपीयूला जोडलेलं."

रांगेतला एक माणूस हसला. मग आमच्यातलेही दोघं हसले, आधी मॅडमकडे बघून, अंदाज घेऊन. सरांनी दार ठोठावून मला कडी काढायला लावली होती आणि पंप ओढून नेला होता; मी ओढणी सारखी करत कॉम्प्युटरच्या खोलीतून त्यांच्यामागे धावत बाहेर आले होते आणि माझ्या हातात बाटली होती. तळाशी जेमतेम दोन बोटं दूध. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

मी म्हणाले, त्यानं काही होत नाही, मोबाइल चार्ज होतो तसंच आहे ते. सर माझ्याकडे न बघता मॅडमशीच बोलत राहिले. आज कॉम्प्युटर पडला, काल पडला, गेल्या आठवड्यात तीनदा पडला. मी खुर्चीत असताना कधी पडलाय? मग त्यांनी रुकसानाला मध्ये घेतलं.

"रुकसाना, तू सांग. मी बसलेला असताना पडलाय कधी?"

रुकसाना मुलाणी रक्त तपासायच्या मोठ्या मशीनवर काम करायची. माझी त्या लॅबमधली एकुलती एक मैत्रीण. पण ती खोटं बोलत नसे.

"नाही सर," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"शलाका, घरचं घरी," मॅडम म्हणाल्या. "ही लॅब आहे. इथे इन्फेक्शनचे काही नियम असतात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ज्या लॅबमध्ये सकाळपासून लघवीच्या आणि शौचाच्या डब्या रांगेनं टेबलावर मांडल्या जातात, तिथे माझं दूध घाण ठरलं. मी ते बेसिनमध्ये ओतलं. पांढरं पाणी जाळीतून खाली जाईपर्यंत नळ सोडून उभी राहिले. मागे काउंटरवर कुणीतरी विचारत होतं, लॅबवाल्यांनी डेअरी कधीपासून काढली.

आज जुई चौथीत आहे. तेव्हा ती पाच महिन्यांची होती, आणि वरचं दूध तिला सोसत नव्हतं. डब्याचं सोसेना, गाईचं पाणी घालून दिलेलं सोसेना. एकदा तर जुलाबांनी डोळे खोल गेले आणि सलाईन लावावं लागलं होतं. तिच्या त्या एवढ्याशा हाताला लाकडी पट्टी बांधलेली होती आणि ती पट्टीसकट हात तोंडात घालू बघत होती. बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते, आईचं येतंय तोवर आईचंच द्या, सहा-सात महिने काढले की पोट धरेल. म्हणून कऱ्हाडच्या त्या लॅबमध्ये रजेनंतर मी परत रुजू झाले ती पंप पिशवीत घालूनच. आज काढलेलं दूध उद्या दिवसभर सासूबाई तिला पाजायच्या. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशीच्या बाटल्या रिकाम्या, इतकं ते सरळ होतं.

पंपाची बॅटरी खराब झाली होती, तो वायर लावल्याशिवाय चालत नसे. लॅबमध्ये कडी असलेली आणि कॅमेरा नसलेली खोली एकच, कॉम्प्युटरची. रक्ताच्या मशीनच्या बाजूला तिला काच होती, पण काचेपलीकडे फक्त रुकसाना असायची. तिथे भिंतीतलं सॉकेटही एकच, त्यात यूपीएस. म्हणून मी वायर सीपीयूला लावायची. आणि ती खोली खटावकर सरांची, ते सिस्टिम इन्चार्ज, त्यामुळे ते बाहेर गेले तरच मला कडी लावता यायची. ते असताना कशी लावणार?

मी परतले त्याच सुमारास त्या कॉम्प्युटरला हे दुखणं लागलं होतं. काम चालू असताना अचानक सगळा पडदा निळा व्हायचा, त्यावर एक उदास चेहरा उमटायचा, खाली इंग्रजीत दोन ओळी, आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. रक्त तपासायचं मशीन आपले आकडे याच कॉम्प्युटरला पाठवायचं. मध्येच निळं झालं की चालू घाण्यातले आकडे गेले. उरलेलं रक्त पुरेसं नसेल तर पेशंटला पुन्हा बोलवायचं, पुन्हा टोचायचं. एका बाळंतिणीनं आपल्या तीन दिवसांच्या मुलाला दुसऱ्यांदा टाचेला टोचून घेताना माझ्याकडे जे बघितलं होतं, ते मी विसरले नव्हते. त्या प्रसंगानंतर मी निळं झालं की घाबरून पंपाची वायर आधी ओढून काढायची. म्हणजे मलाही आतून संशय होताच. सरांनी तो फक्त चव्हाट्यावर मांडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीपीयूच्या मागच्या-पुढच्या सगळ्या रिकाम्या भोकांवर पांढरी चिकटपट्टी लावली, ड्रेसिंगला वापरतो ती. त्यावर पेनानं सही केली. उघडं ठेवलं ते फक्त एक, त्यांच्या डोंगलचं. डोंगल म्हणजे बोटाएवढी एक काळी काडी. लॅबचं सॉफ्टवेअर ती लावल्याशिवाय चालत नसे, कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून कंपनीनं दिलेली ती किल्लीच.

"आता लावा काय लावायचं ते," ते म्हणाले.

आणि कॉम्प्युटर तरीही पडला. आधीसारखाच, त्याच आठवड्यात दोनदा.

मला वाटलं, झालं, आता तरी सुटले. मी मॅडमकडे जाण्याआधी सर गेले. त्यांचं म्हणणं, त्या मशीननं मदरबोर्ड कायमचा अधू केलाय, आता तो असाच त्रास देणार. नाही तर बाई पट्टी सोडवून अजूनही चोरून लावतायत. त्यांनी सह्या तपासल्या. एक जरा पुसट झाली होती. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या खोलीला ते नसताना कुलूप, आणि मला रिपोर्ट छापायचे असले तर दार उघडं ठेवून, सगळ्यांसमोर.

माझं दूध कमी व्हायला लागलं. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, कुर्त्याच्या आत घातलेला रुमाल भिजायचा, मी ॲप्रनची बटणं वरपर्यंत लावून बसायची. काउंटरवर एखादं तान्हं रडलं की अंगावर काटा यायचा. मग काही दिवसांनी दगडासारखी होणंही कमी झालं, आणि ते जास्त भयंकर होतं. सासूबाईंनी माझ्यासाठी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, शतावरी आणली, आणि दिवसा जुईला भाताची पेज चमच्यानं भरवायला लागल्या. जुई प्यायला घेतली की चार घोट घ्यायची आणि मान मागे टाकून ओरडायची. मी तिच्या टाळूवर हात ठेवून बघायची, खोल गेलीय का. लंगोट हातात घेऊन वजन करायची. नवरा म्हणाला, सोड ती नोकरी. मी सोडली असती तर लॅबमध्ये कायमची हीच गोष्ट राहिली असती की एका बाईनं दूध काढून कॉम्प्युटर बिघडवला. नोकरी मला सोडायची नव्हती. मला खटावकर हवे होते.

बाळंतपणानंतर मला एक सवय लागली होती. कशानंतर काय होतं ते बघत राहायचं. दूध पिऊन लगेच रडली तर वायू, जरा वेळानं रडली तर झोप. ज्याला सांगता येत नाही असं बाळ सांभाळायचं म्हणजे दुसरं काय असतं. मी तसंच त्या कॉम्प्युटरकडे बघायला लागले.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे पुढच्या वेळी निळं झालं तेव्हा रुकसानाच्या बाजूनं काचेतून मोबाइलवर फोटो काढला. तोवर सगळे त्या उदास चेहऱ्याकडे बघून चुकचुकायचे, खालचं कुणी वाचत नसे. घरी जुईला मांडीवर घेऊन मी तो फोटो मोठा केला. केमोड एक्सेप्शन नॉट हँडल्ड. त्याच्या खाली, आणखी बारीक अक्षरांत, कुठल्या फाइलमुळे हे झालं तिचं नाव. लॅबकी डॉट सिस.

बी.सी.एस.ला मला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात चांगले मार्क होते, म्हणजे मी तो चांगला पाठ केला होता. ते कळलं मात्र त्या दिवशी, पलंगावर. आपण वापरतो ते प्रोग्राम बाहेरच्या खोल्यांत राहतात. एखाद्यानं आगळीक केली, नसलेल्या जागी हात घातला, तर सिस्टिम तेवढ्यालाच हाकलते, बाकीच्यांचं चालू राहतं. पण थोड्याच काहींना अगदी आत, गाभ्यात प्रवेश असतो. प्रिंटरशी, कीबोर्डशी, असल्या एखाद्या डोंगलशी बोलणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते तिथे बसतात. तिथे चूक झाली तर ती झेलायला वर कुणी नाही. ज्यानं केली त्यानंच झेलायची तयारी ठेवायला हवी. त्यानं ठेवली नसेल तर सिस्टिम सगळंच थांबवते. निळा पडदा म्हणजे यंत्रानं मान टाकणं नव्हतंच. आत काय बिघडलंय याची खात्री राहिलेली नाही, असंच पुढे रेटलं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर लिहिलं जाईल, म्हणून त्यानं स्वतःहून जागच्या जागी थांबायचं ठरवलेलं असतं.

आणि नाव त्यानं सांगितलं होतं. महिनाभर दर वेळी सांगत होतं. त्यात पंप कुठेच नव्हता. लॅबकी म्हणजे लॅबची किल्ली, ती फाइल डोंगलची होती.

पण डोंगल तर वर्षभर तिथेच होता, मग आताच काय झालं, आणि सर नसतानाच का? याचं उत्तर मला पडद्यावर नाही, कानात मिळालं. मी काउंटरवर रिपोर्टांच्या पाकिटांना पिना मारत होते. मागच्या अंगणात स्कूटर सुरू झाली, फाटकातून बाहेर गेली. मी पुढचं पाकीट घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि आतून रुकसानाचा आवाज आला, "गेलं गं बाई, परत निळं झालं."

सरांनी नवी स्कूटर घेतली होती, माझी रजा संपता संपता. तिच्या किल्लीच्या कडीतच त्यांनी डोंगल ओवला होता. आले की डोंगल सीपीयूला लावायचा, खाली किल्ल्या लोंबकळत. चहाला, बँकेत, घरी जेवायला जायचं झालं की जुडगा ओढायचा आणि निघायचं. त्याचा त्यांना अभिमानही होता. हा माझ्याजवळ आहे म्हणून लॅब सुरक्षित आहे, असं ते नव्या लोकांना सांगत. डोंगल काढल्यावर सॉफ्टवेअर लगेच बंद पडत नसे, उघडलेलं काम थोडा वेळ चालू द्यायचं. मशीन शांत असेल तर काहीच व्हायचं नाही. पण मशीनकडून आकडे येत असले तर ड्रायव्हर मध्येच डोंगलला विचारायला जायचा, तू आहेस ना. डोंगल तिथे नसायचा. तो तेव्हा स्कूटरला लागून शनिवार पेठेत फिरत असायचा. गाभ्यातल्या त्या प्रोग्रामनं नसलेल्या जागी हात घातलेला असायचा, आणि ती चूक झेलायची तजवीज कुणी केलेली नव्हती.

सर गेले की कॉम्प्युटर पडायचा. सर गेले की मी पंप लावायची. रुकसाना खोटं बोलली नव्हती.

मी तिला सांगितलं ते दुपारच्या डब्याच्या वेळी. तिनं चपातीचा घास हातातच धरला.

"म्हणजे तो बाबा किल्ली खिशात घालून जातोय आणि शिव्या तू खातीस?" मग तिनं डबा झाकला. "चल. आत्ता मॅडमकडं जाऊ."

"केबिनमध्ये नाही."

"मग कुठं?"

"मला कुठे सांगितलं होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तमाशा करायचाय तुला."

"तमाशा त्यांनी केला. मी नुसती तिकिटं विकते."

"शलाका, गुपचूप सांगितलंस तर उद्यापासनं पंप लावता येईल तुला. पोरीचा विचार कर की."

मला तिला जे सांगायचं होतं ते माझ्याच तोंडातून निघत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, बरं, कर तुझं. पण पेशंटचं रक्त मी त्यात वाया जाऊ देणार नाही. मी म्हटलं, पेशंटचं नाही. रोज सकाळी मशीन नीट चालतंय का बघायला कंपनीच्या बाटलीतलं द्रव्य लावतेस ना, ते लाव.

खंडेनवमी दोन दिवसांवर होती.

आमच्या लॅबमध्ये खंडेनवमी जोरात असायची आणि ती पूर्ण खटावकर सरांची. सूक्ष्मदर्शक, मशीन, फ्रीज, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूचे हार, हळदीकुंकवाची बोटं. त्यानंतर अंगणात गाड्यांची पूजा. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर खाली यायचे, नर्सेस यायच्या, पेढे वाटले जायचे. दवाखान्याचे नमुने कधीही येत, म्हणून काम मात्र बंद नसायचं. त्या वर्षीही सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून सगळीकडे फिरत होते, याचा हार वर घे, त्याचा खाली घे. कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. सीपीयूला हार घालताना माझ्याकडे बघून म्हणाले, "शलाकाबाई, नमस्कार करा जरा. तुमची कृपा राहू दे याच्यावर."

सगळे हसले. या वेळी मीही हसले.

आतल्या खोलीत रुकसानानं मशीन सुरू केलं. पेशंटच्या रक्ताऐवजी कंपनीच्या तपासणीच्या, कंट्रोलच्या बाटल्या लावल्या. पडद्यावर आकड्यांच्या ओळी एकेक करून उतरायला लागल्या. मॅडम आरतीचं ताट घेऊन दारात आल्या, त्यांच्यामागे वरचे दोघं डॉक्टर आणि बाकी मंडळी. अंगणात गाड्या ओळीनं लावलेल्या खिडकीतून दिसत होत्या. सरांची स्कूटर मागे भिंतीला टेकलेली होती.

"सर, तुमची गाडी मागेच राहिली," मी म्हणाले. "पुढे घेता का? पहिला हार तिलाच घालू, नवी आहे."

"अरेच्चा, हो की," सर म्हणाले. खूश झाले. वाकले, सीपीयूखाली लोंबकळणारा जुडगा धरला आणि ओढला. सवयीनं, बघितलंही नाही. मॅडम बघत होत्या, डॉक्टर बघत होते, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी सोडून, आणि काचेपलीकडच्या रुकसानाशिवाय.

ते बाहेर गेले. मी खोलीतून मागे सरकून मॅडमच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोन्ही हातांत फुलांची परडी घेतली.

"मॅडम, आधी याचीच आरती करू," मी म्हणाले. "फक्त खुर्चीत कुणी बसू नका. कुणी हात लावू नका."

"का गं?"

"बघा तुम्ही."

अंगणात स्कूटर सुरू झाली. मॅडमनी कापूर पेटवला. ताट एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. आकडे उतरत होते. माझ्या मनात आलं, नाही पडला तर. आयुष्यात मी कुठल्या यंत्राचं वाईट व्हावं म्हणून इतकी प्रार्थना केली नसेल. तिसऱ्यांदा ताट वर गेलं आणि झेंडूच्या हाराच्या आत सगळा पडदा निळा झाला.

मॅडमचा हात तिथेच राहिला. वरच्या डॉक्टरांपैकी एक जण म्हणाला, "अहो, हे काय, देव कोपला की काय." कुणीतरी सरांना हाक मारली. ते धावत आले, हातात किल्ल्या, कपाळाला गंध.

"कोण बसलं होतं? काय लावलं होतं?"

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

"मग आधी कधी तरी—"

"सर," मी म्हणाले, "तुमच्या सह्या बघा ना. सगळ्या पट्ट्या जागेवर आहेत. उघडं भोक एकच आहे. त्यात काय होतं आणि ते आता कुठे आहे?"

मी ते सगळं सांगितलं. पुन्हा सुरू होणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवून, फोटोतलं फाइलचं नाव मोठं करून, गाभा, ड्रायव्हर, नसलेल्या जागी घातलेला हात, सगळं. सावकाश सांगितलं, नर्सेसनाही कळेल असं. मध्ये सर दोनदा म्हणाले की असं काही नसतं, डोंगल काढल्यानं यंत्र पडत नाही. मी म्हटलं, मग कंपनीला विचारू. मॅडमनी स्वतःच पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी तेवढ्यावरच थांबणार होते. फोनवरच्या बाई पुढे जे बोलल्या ते मलाही नवीन होतं.

"मॅडम, त्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे, मान्य. नवीन आवृत्ती दिलीय आम्ही. मिस्टर खटावकरांशी माझं स्वतः बोलणं झालंय, गौरी-गणपतीच्या आधी. नवीन टाकून घ्या, तोपर्यंत काम चालू असताना डोंगल काढू नका, असं सांगितलं होतं. ते म्हणाले, बघतो."

गौरी-गणपतीच्या आधी. पंप वर उचलला होता तो गणपती उठल्यानंतर.

मॅडमनी फोन ठेवला. खोलीत कापराचा वास आणि सीपीयूच्या पंख्याचा आवाज. काउंटरवर हसलेले दोघं हारांच्या देठांशी चाळा करत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी सरांना म्हणाले.

"शलाका, मला काय वाटलं, एवढ्यानं... मी टाकणारच होतो. राहून गेलं." मग आवाज खाली आणून, "आधी मला एकट्याला सांगायचंस ना. मी काय खाल्लं असतं का तुला?"

त्यांचं कपाळ घामानं भरलं होतं आणि गंध नाकावर ओघळत होतं. मला कीव यायला हवी होती. मी बघितलं, येतेय का. नाही आली.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते जड गेलं हे दिसत होतं. "उद्यापासून माझी केबिन वापर. दुपारी मी नसतेच. कडी आहे, सॉकेट आहे. हवा तेवढा वेळ घे."

"आता नको, मॅडम."

"राग धरू नकोस गं."

"राग आहेच. पण त्यासाठी नाही म्हणत." मी परडी टेबलावर ठेवली. "दूध गेलं माझं. गेल्या आठवड्यातच गेलं. आता काढायला काही नाही."

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, डबा खाताना रुकसानाला नाही. कोरडी छाती जुईच्या तोंडात देऊन घरी नाटक करत होते. मॅडमना ते केबिनमध्ये, दार लावून सांगता आलं असतं. मी तिथेच सांगितलं, दोघं डॉक्टर, नर्सेस आणि सगळा स्टाफ ऐकत असताना, स्पष्ट, प्रत्येक शब्द वेगळा. मॅडमचा हात माझ्या दंडावरून निघाला. काचेपलीकडे रुकसानानं तोंडावर हात ठेवला.

मग मॅडम सरांकडे न बघता म्हणाल्या, "खटावकर, तो डोंगल हिच्याकडे द्या. आजपासून हा कॉम्प्युटर ही बघेल. तुम्ही हिला विचारून बसायचं."

सरांनी जुडगा वर धरला आणि कडी उकलायला लागले. पोलादी दुहेरी कडी, घट्ट. नख आत घातलं, निसटलं. पुन्हा घातलं. किल्ल्या एकमेकींवर वाजत होत्या. अंगणातून कुणीतरी हाक मारली, सर, हार घालायचा थांबलाय, येताय ना. ते कडीवरून नजर न उचलता आलो म्हणाले. त्यांनी कडी दातांत धरून बघितली. सगळे उभे होते आणि बघत होते.

रुकसाना आतून आली. तिनं टेबलावरचा चिमटा उचलला आणि माझ्या हातात दिला, त्यांना दे म्हणून.

मी तो घेतला आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. मग तळहात पुढे करून उभी राहिले.